कमी चाललेल्या गाडीचं खोटं कौतुक

जुन्या दुचाकींच्या बाजारात ‘डॉक्टरांची गाडी’ नावाचा एक खास माल असतो. सात-आठ वर्षं जुनी, काट्यावर जेमतेम नऊ हजार किलोमीटर, घर ते दवाखाना एवढाच प्रवास, सीटचं कव्हरसुद्धा कुठे उसवलेलं नाही. डॉक्टर नसले तर शाळेतले सर, बँकेतून निवृत्त झालेले काका, नाहीतर नुसतंच ‘लेडीज युज’. दलाल काट्यावर बोट ठेवतो, घेणारा मान डोलावतो आणि ती गाडी त्याच सालातल्या पन्नास हजार किलोमीटर पळालेल्या गाडीपेक्षा चढ्या भावाने जाते. या सगळ्या व्यवहाराला आधार एकाच समजाचा: इंजिन किलोमीटरने झिजतं, म्हणून किलोमीटर कमी तर झीज कमी. हा समज पुरता खोटा नाही. पण तो ज्या गाड्यांची तरफदारी करायला सर्वांत जास्त वापरला जातो, नेमक्या त्याच गाड्यांना तो लागू पडत नाही.

याच समजातून गॅरेजच्या दारात रोज ऐकू येणारं वाक्य निघतं: “गाडी चाललीच कुठे? मग ऑइल कशाला बदलायचं?” आणि त्याच्या पाठोपाठ घरगुती उपायही येतो: चालत नसेल तर रोज सकाळी दहा मिनिटं सुरू करून उभी ठेवायची, म्हणजे इंजिन ‘मोकळं’ राहतं. पहिल्या वाक्याने इंजिनाचं नुकसान होतं, दुसऱ्याने ते वाढतं.

डोंबिवली, कल्याण किंवा ठाणे स्टेशनाबाहेरच्या पार्किंगमध्ये सकाळी साडेसातच्या सुमाराला उभं राहिलं तर या प्रश्नाचा सर्वांत शुद्ध नमुना पाहायला मिळतो. घरापासून दीड किलोमीटर, पाच-सात मिनिटं, त्यात दोन सिग्नल आणि रिक्षांच्या रांगेतून वाट काढणं. गाडी स्टँडवर लागते, मालक लोकल पकडतो. दहा-अकरा तासांनी तो परत येतो तेव्हा इंजिन पूर्ण गार झालेलं असतं. पुन्हा सेल्फ, पुन्हा दीड किलोमीटर, पुन्हा रात्रभर गार. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर काट्यावर 900 किलोमीटर पडतात आणि इंजिन गार अवस्थेतून 600 वेळा सुरू होतं.

आता याच्या शेजारी दिवसाला शंभर किलोमीटर फिरणारा, जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा उभा करू. त्याच्या खेपाही छोट्याच असतात, कधी दोन किलोमीटर, कधी चार. पण दोन खेपांच्या मध्ये इंजिनाला गार व्हायला सवड मिळत नाही. सकाळी एकदा आणि फार तर दुपारच्या विश्रांतीनंतर एकदा, म्हणजे दिवसात दोन गार सुरुवाती. वर्षाच्या त्याही 600 होतात. फरक एवढाच की त्याच्या काट्यावर तेवढ्यात 30,000 किलोमीटर पडलेले असतात. दोघांनीही ‘दर 3,000 किलोमीटरला ऑइल’ हा नियम पाळला तर पोरग्याच्या तेलाने बदलीआधी साठेक गार सुरुवाती सोसलेल्या असतील आणि डोंबिवलीकराच्या तेलाने दोन हजार. वर त्या तेलाचं वय सव्वातीन वर्षं झालेलं असेल. काटा या दोघांत जो फरक दाखवतो, तो इंजिनाच्या दृष्टीने उलटा आहे.

गार सुरुवातीत इतकं वाईट काय घडतं, याचं उत्तर बहुतेक लोक ‘तेल खाली बसलेलं असतं’ असं देतात. ते अर्धंच उत्तर आहे. रात्रभरात बरंचसं तेल खाली उतरतं हे खरं, हेडमधल्या कॅमपर्यंत आणि रॉकरपर्यंत ते सर्वांत शेवटी पोचतं हेही खरं. म्हणून सकाळी पहिले काही सेकंद टॅपेट वाजतात. पण धातूच्या पृष्ठभागांवर आणि गिअरच्या दातांवर तेलाचा पातळ थर टिकून असतो आणि पंप चालू झाला की काही सेकंदांत भरपाई होते. खरा त्रास त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांचा आहे. तेवढा वेळ इंजिन सुरू असतं, पण ते ज्या तापमानासाठी बनवलेलं असतं तिथपर्यंत पोचलेलं नसतं.

थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही. जळण्यापुरती वाफ मिळावी म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त सोडावं लागतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ते काम चोक ओढून व्हायचं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 ही उत्सर्जन मानकं आल्यावर दुचाकींतही इंजेक्शन आलं आणि तेच काम आता इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, गुपचूप करतो. चोक दिसत नाही म्हणून जादा पेट्रोल जात नाही, असं मुळीच नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं आणि रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतं. तिथे ते तेलात मिसळून त्याला पातळ करतं.

पाण्याचा हिशोब त्याहून गमतीचा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. हे रसायनशास्त्राचं साधं गणित आहे. हवेतला ऑक्सिजन पेट्रोलमधल्या हायड्रोजनला भेटला की पाणीच होणार. डोंबिवलीच्या त्या दीड किलोमीटरला तीस-पस्तीस मिलीलीटर पेट्रोल लागत असेल, तर जवळजवळ तेवढंच पाणीही बनतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातं. पण रिंगांच्या फटीतून थोडा वायू कायम खाली झिरपतो आणि त्याच्याबरोबर थोडी वाफही. क्रँककेस गरम असेल तर ही वाफ ब्रीदरच्या नळीतून निघून जाते. गार असेल तर तिथेच थेंब होऊन तेलात पडते. एका खेपेत चार थेंब काहीच नाहीत. सहाशे खेपांत, मध्ये एकदाही तेल नीट न तापता, हे थेंब साठत जातात.

सायलेन्सरची कथा तर उघड दिसते. थंडीत सकाळी गाडी सुरू केली की मागून पाण्याचे थेंब ठिबकतात. पेट्रोलच्या धुरातली वाफ साधारण पन्नास अंशांच्या खाली पाणी होऊ लागते. लांब पळालेल्या गाडीचा सायलेन्सर इतका तापतो की आतलं पाणी उडून जातं. दीड किलोमीटरवाल्याचा सायलेन्सर आतून ओला राहतो आणि आतूनच सडतो. बाहेरचा क्रोम चकचकीत, मालकाने रविवारी पुसलेला, आणि खालच्या बाजूला बोट दाबलं तर पत्रा आत जातो, असे सायलेन्सर कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडे पाहायला मिळतील.

सिलिंडरच्या भिंतीवरही हेच घडतं, आणि ही काही आजची शोधलेली गोष्ट नाही. 1930 च्या दशकात ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सने सिलिंडर का झिजतो यावर सविस्तर संशोधन केलं. तोवर समज असा होता की झीज म्हणजे घर्षण. संशोधकांना आढळलं की भिंत थंड असताना झीज एकदम चढते, आणि तिचं मोठं कारण घासणं नसून गंजणं आहे. जळणातून बनलेलं पाणी आणि आम्लं थंड भिंतीवर साचतात, लोखंड खातात आणि रिंग तो गंज खरवडून नेते. भिंत पुरेशी तापलेली असेल तर ओल टिकतच नाही.

यावर लगेच एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे: ही गोऱ्यांच्या थंडीची दुखणी आहेत, आपल्याकडे मे महिन्यात पेट्रोलची टाकी हाताला चटका देते, आपल्याला काय त्याचं? निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, हे अपवाद सोडले तर महाराष्ट्रातली सकाळ क्वचितच फार गार असते. मान्य. पण तेलाला जिथे पोचायचं आहे ते तापमान नव्वद-शंभर अंशांच्या आसपास आहे. त्या हिशोबाने तिशीतलं डोंबिवली आणि दहा अंशांतलं लंडन यांच्यात फरक आहे, पण दोन्ही ठिकाणी इंजिन गारच आहे. 10डब्ल्यू-30 तेल चाळीस अंशांना असतं त्याच्या साधारण सहा-सात पटींनी शंभर अंशांना पातळ होतं. म्हणजे वैशाखातल्या दुपारीसुद्धा पार्किंगमधून निघणाऱ्या गाडीतलं तेल इंजिनाच्या हिशोबाने घट्टच असतं. झीज रोखणारी रसायनं तेलात असतात, त्यांचा संरक्षक थर धातूवर नीट बसायलाही उष्णता आणि दाब लागतो.

आक्षेपातला खरा भाग एवढाच की आपल्याकडे इंजिन लवकर तापतं, पेट्रोल कमी वाया जातं आणि तेल गोठत नाही. परदेशातले ‘छोट्या फेऱ्यांनी इंजिनाचा सत्यानाश’ छापाचे इशारे इथे जसेच्या तसे उचलणं चूकच. पण ते सौम्य करून घ्यायचे. सोडून द्यायचे नाहीत. त्यातून कोकणपट्टीतला पावसाळा चार महिने हवेत ओल धरून ठेवतो, तेव्हा गार क्रँककेस कोरडा व्हायला आणखी वेळ लागतो.

अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ मासिकाची एक चाचणी या वादात हमखास पुढे केली जाते. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत त्यांनी न्यूयॉर्कच्या 75 टॅक्सींत नव्याने बांधलेली इंजिनं बसवली, वेगवेगळी तेलं भरली आणि प्रत्येकी 60,000 मैल, म्हणजे साडेशहाण्णव हजार किलोमीटर, पळवली. मग इंजिनं खोलून मोजमाप केलं. तेलांमध्ये फारसा फरक दिसला नाही, आणि दर 3,000 मैलांऐवजी दर 6,000 मैलांना तेल बदलल्यानेही काही बिघडलं नाही. यावरून निष्कर्ष काढला जातो की ‘गर्दीतल्या शहरात सतत थांबत-चालत गेलेल्या गाड्यांनाही काही होत नाही, मग आमच्या छोट्या फेऱ्यांना काय होणार?’

चाचणी उत्तम होती. निष्कर्ष चुकीच्या माणसाने उचलला. न्यूयॉर्कची टॅक्सी पाळ्यांमध्ये चालते, एक चालक उतरला की दुसरा बसतो. सिग्नलला ती शंभरदा थांबत असेल, पण गार होत नाही. ती आपल्या डबेवाल्या पोराची बहीण आहे, स्टेशनाबाहेर दहा तास उभ्या राहणाऱ्या गाडीची नव्हे. गर्दी, सिग्नल, छोटं अंतर आणि गार सुरुवात या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनाला त्रास शेवटच्या गोष्टीचा होतो. बाकीच्या तीन गोष्टी क्लच, ब्रेक आणि चालकाचं डोकं झिजवतात.

हाच भेद जाहिरातींनीही पुसून टाकला आहे. तेलाच्या जाहिरातींत कित्येक वर्षं एक आकडा फिरतो: इंजिनाची 75 टक्क्यांपर्यंत झीज इंजिन तापेपर्यंतच्या काळात होते. तोंडातोंडी फिरताना त्याचं ‘75 टक्के झीज किक मारताच होते’ असं झालं. मूळ दाव्यात ‘पर्यंत’ आहे आणि तो काळ मिनिटांचा आहे, सेकंदांचा नाही. माल विकणाऱ्याने दिलेला आकडा म्हणून तो चिमूटभर मीठ टाकूनच घ्यायला हवा. पण दिशा बरोबर आहे, आणि त्या दिशेने पाहिलं तर ‘सुरू होताच निघायचं की थांबायचं’ या घरोघरच्या भांडणाचाही निकाल लागतो.

कारण सकाळी गाडी स्टँडवर दहा मिनिटं सुरू ठेवणारे नेमका तोच गार काळ लांबवतात. रिकाम्या आरपीएमवर इंजिनावर भार नसतो, त्यामुळे उष्णता कमी निर्माण होते आणि तेल तापायला जास्त वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ जादा पेट्रोल सिलिंडर धूत असतं. स्पार्क प्लगची गोष्ट यातच येते: प्लगच्या टोकावरची काजळी जळून जायला ते साधारण 450 ते 500 अंशांच्या वर तापावं लागतं. रिकाम्या इंजिनात ते तापत नाही. म्हणून रोज ‘इंजिन मोकळं’ करणाऱ्यांच्या गाडीचा प्लग काढला तर तो काळाकुट्ट निघतो, गॅरेजवाला त्याला पॉलिश पेपर मारून परत बसवतो आणि पंधरा दिवसांनी तेच दुखणं पुन्हा येतं. दहा मिनिटांनी मालक इंजिन बंद करतो तेव्हा हेड हाताला गरम लागतं, पण खालचं तेल कोमटच असतं. एक गार सुरुवात वाढली, पाण्याचे थेंब वाढले, काट्यावर मात्र शून्य किलोमीटर. आणि वर ‘आम्ही गाडीची किती काळजी घेतो’ हे समाधान. सुरू करून जागेवरच रेस पिळणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. घट्ट तेलात पिस्टनला विनाकारण पळवण्याचा तो प्रकार आहे.

मग सुरू झाल्यावर करायचं काय? अर्धा मिनिट, फार तर मिनिटभर थांबायचं, हेल्मेटचा पट्टा लावेपर्यंत. मग निघायचं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर हळू ठेवायचा. भार आला की इंजिन तापतं.

मोटारसायकलीच्या बाबतीत हे सगळं मोटारीपेक्षा जास्त का भोवतं, याकडे दुर्लक्ष होतं. मोटारीत इंजिनाचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि ओला क्लच यांना मिळून एकच तेल असतं, आणि तेही जेमतेम लिटरभर. म्हणून तर मोटारसायकलीच्या तेलाच्या डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए2 अशी वेगळी खूण पाहून घ्यावी लागते. गिअरचे दात तेल चिरडतात, क्लच प्लेटांची भुकटी त्यात पडते, आणि गल्लीबोळातल्या छोट्या फेरीत प्रत्येक किलोमीटरमागे गिअर आणि क्लच महामार्गापेक्षा कितीतरी जास्त वेळा वापरले जातात. मोटारीच्या तीन-चार लिटर तेलात पाण्याचे काही थेंब हरवून जातात. लिटरभर तेलात ते लपत नाहीत.

पुरावा पाहायचा असेल तर शंभर सीसीच्या एखाद्या कमी चाललेल्या गाडीचं उजवीकडचं क्लच कव्हर उघडताना गॅरेजमध्ये उभं राहावं. स्प्लेंडर, पॅशन घराण्यातल्या इंजिनांत कागदी ऑइल फिल्टर नाही. एक जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला एक फिरती वाटी. क्रँकबरोबर गरगर फिरताना ही वाटी तेलातली जड घाण बाहेरच्या काठाला फेकते आणि तिथेच धरून ठेवते. वेळच्या वेळी तेल बदललेल्या गाडीत वाटीच्या काठाला पातळ राखाडी थर असतो, चिंधीने पुसला की निघतो. ‘गाडी चाललीच नाही’वाल्यांच्या गाडीत हा थर बोटभर जाड, काळा, ग्रीससारखा असतो आणि तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावा लागतो. तेलाचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पिवळट, मलईसारखा फेस चिकटलेला दिसतो. मोटारीत असा फेस दिसला की हेड गॅस्केट फाटलं म्हणून मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण तिथे कूलंटचं पाणी तेलात शिरण्याची भीती असते. पण एअर-कूल्ड गाडीत कूलंटच नाही. पूर नाही, धुताना पाणी गेलं नाही, तर मग हे पाणी आलं कुठून? ते मालकाने स्वतःच्या पेट्रोलमधून बनवलेलं आहे.

इथवर वाचून कुणी धसका घेतला असेल तर त्याच्यासाठी दुसऱ्या टोकाचीही खबर घ्यायला हवी. छोट्या फेऱ्यांची भीती दाखवून माल खपवणारा एक वर्ग आहे. दर हजार किलोमीटरला तेल बदला, हे ‘इंजिन फ्लश’ टाका, ही बाटली पेट्रोलमध्ये ओता, शंभर सीसीच्या कम्युटरलाही महागडं रेसिंगचं फुल सिंथेटिक भरा. यातलं बहुतेक अनावश्यक आहे. जुन्या काळी जी झीज व्हायची तिच्यात पेट्रोलमधल्या गंधकाच्या आम्लांचा मोठा वाटा असायचा. बीएस-4 च्या पेट्रोलमध्ये गंधक 50 पीपीएमपर्यंत चालायचं, बीएस-6 मध्ये मर्यादा 10 पीपीएम आहे. इंजेक्शनमुळे पेट्रोल मोजून पडतं, कार्बोरेटरच्या चोकसारखं भसाभसा नाही. चोक ढकलायला विसरून ऑफिसपर्यंत गेलेल्या मालकांची एक अख्खी पिढी होऊन गेली. ती अडचण आता उरली नाही. तेलंही सुधारली. 1994 ची पहिली स्प्लेंडर आणि आजची स्प्लेंडर यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. रोज दीड किलोमीटर जाणारी गाडी दोन वर्षांत इंजिन खोलायला येईल असं कुणी सांगत असेल तर तो बोअर किट, म्हणजे सिलिंडर-पिस्टनचा नवा संच, विकायला बसला आहे.

इथेनॉलबद्दलही तेच. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आलं आहे आणि त्याच्या नावाने बरंच काही खपवलं जातं. छोट्या फेऱ्यांशी त्याचा संबंध मर्यादित, पण खरा आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे गार इंजिनात ते आणखी नाखूश असतं. ब्राझीलमध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारींना थंडीत सुरू होण्यासाठी वेगळी छोटी पेट्रोलची टाकी द्यावी लागायची, ती याचमुळे. वीस टक्क्यांत आणि आपल्या हवेत अडचण इतकी मोठी नाही. इथेनॉलचा दुसरा गुण म्हणजे ते पाण्याला जवळ करतं. महिनामहिना अर्धी टाकी घेऊन उभ्या असलेल्या गाडीसाठी हे चांगलं नाही, पण तो मुद्दा न चालणाऱ्या गाडीचा आहे, कमी चालणाऱ्या गाडीचा नाही.

खरा उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून तो विकला जात नाही. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत सर्व्हिसच्या तक्त्यात किलोमीटरच्या शेजारी दिवस किंवा महिनेही छापलेले असतात आणि बाजूला बारीक अक्षरात ‘जे आधी होईल ते’. आपण किलोमीटरचा रकाना वाचतो आणि दुसरा सोडून देतो. मोटारींच्या पुस्तिकांत तर हे अधिक स्पष्ट असतं: होंडाच्या अमेरिकेतल्या पुस्तिकांमध्ये आठ किलोमीटरहून कमी अंतराच्या फेऱ्या, आणि गोठवणाऱ्या थंडीत सोळा किलोमीटरहून कमी, हा ‘खडतर वापर’ म्हणून नोंदवला गेला आहे. आपल्याकडचा मालक खडतर वापर म्हटलं की लेह-लडाख डोळ्यांसमोर आणतो. कंपनीच्या हिशोबात मंडईत जाऊन भाजी आणणंही त्यात बसतं. तेव्हा दीड-दोन किलोमीटरवाल्यांनी वर्षातून निदान एकदा, आणि पावसाळी पट्ट्यात राहत असतील तर दोनदा, काट्याकडे न बघता तेल बदलावं. शंभर सीसीच्या लिटरभर तेलाचा खर्च कोणत्याही बोअर किटपेक्षा कितीतरी कमी आहे. ते काढताना इंजिन गरम असावं, म्हणजे घाण तेलाबरोबर बाहेर येते. फिरती वाटी दोन-तीन वर्षांतून एकदा साफ करून घ्यावी; साधारण गॅरेजवाला आपणहून ते कव्हर उघडत नाही, सांगावं लागतं.

आणि आठवड्यातून एकदा गाडी लांब न्यावी. अर्धा-पाऊण तास, न थांबता, वीस-पंचवीस किलोमीटर. डोंबिवलीकराने बदलापूरकडे, पुणेकराने सिंहगडच्या पायथ्याकडे. तेल तेवढा वेळ पूर्ण तापलेलं राहिलं की आठवडाभराचं पाणी आणि पेट्रोलचा हलका भाग ब्रीदरमधून निघून जातो, प्लग स्वतःची काजळी जाळतो, सायलेन्सर आतून कोरडा होतो. घरातून दोन किलोमीटरवर तीन वेगवेगळी कामं असतील तर ती एका फेरीत उरकावीत. दोन कामांमध्ये गाडी दहा मिनिटं उभी राहिली तर तेल गार होत नाही, त्यामुळे ती एकच सुरुवात धरावी.

जुनी गाडी घेणाऱ्यानेही काट्याआधी बिलं पाहावीत. नऊ हजार किलोमीटर आणि आठ वर्षांत आठ तेलबदलांच्या पावत्या असतील तर ती गाडी खरंच चांगली असण्याची शक्यता आहे. नऊ हजार आणि तीनच पावत्या असतील तर झाकण उघडून फेस बघावा, सायलेन्सरच्या खालून बोट फिरवावं, इंजिन गार असताना सुरू करायला सांगावं. विकणारा आधीच तापवून ठेवत असेल तर का, हे विचारावं.

तरीही हा सगळा भार एकट्या मालकावर टाकणं बरोबर नाही. कंपन्यांच्या हातात याहून चांगला उपाय पडून आहे. बीएस-6 च्या प्रत्येक इंजेक्शन गाडीत इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर आहे आणि इंजिन गार सुरू झालं की तापलेलं, हे ईसीयूला दर वेळी कळतं. त्याशिवाय त्याला पेट्रोल किती सोडायचं हेच ठरवता येत नाही. उत्सर्जनाच्या चाचणीत तर गार सुरुवातीचं महत्त्व कायद्यानेच मान्य केलं आहे: डब्ल्यूएमटीसी चाचणीआधी गाडी किमान सहा तास वीस ते तीस अंशांत उभी ठेवून मगच सुरू करतात, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंतचा धूर सर्वांत घाण असतो. मोटारींमध्ये जनरल मोटर्सने 1980 च्या दशकाच्या अखेरीसच अशी प्रणाली आणली की जी तेलाची बदली नुसत्या मैलांवरून न ठरवता इंजिनाची आवर्तनं आणि तापमान यांवरून ठरवते. आपल्या सव्वाशे सीसीच्या गाडीच्या डिस्प्लेवर आता मोबाइलवर कुणाचा कॉल आला ते दिसतं, पुढच्या वळणाचा बाण दिसतो. ‘मागच्या तेलबदलानंतर इतक्या गार सुरुवाती’ ही एक ओळ दाखवायला नवा सेन्सर लागत नाही, नवी वायर लागत नाही. लागतो तो सॉफ्टवेअरमधला थोडा फेरफार, आणि आजवर ज्या किलोमीटरच्या काट्यावर सर्व्हिसचं सगळं गणित मांडलं तो अपुरा आहे हे ग्राहकाला सांगण्याची तयारी. चाकण, होसूर आणि धारुहेड्याच्या कारखान्यांतून दर महिन्याला बाहेर पडणाऱ्या लाखो गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या पुढची दहा वर्षं स्टेशन, शाळा आणि मंडई यांच्यापलीकडे फारशा जाणार नाहीत, हे त्या कंपन्यांच्या विक्री विभागांना चांगलं ठाऊक आहे. त्यांच्या जाहिरातींतल्या गाड्या मात्र अजून घाटातच पळतात.